मधला रकाना

"मॅडम, हे बघा. काळाकुट्ट झालाय. बदलावाच लागेल."

विपुलनं एअर फिल्टर काउंटरवर ठेवला. सर्व्हिस सेंटरच्या निळ्या शर्टावर त्याच्या नावाची पट्टी होती आणि हातात छापील यादी. साठ हजार किलोमीटरला करायच्या कामांची. यादीतल्या सतरा कामांपुढे त्यानं आधीच बरोबरच्या खुणा करून ठेवल्या होत्या.

चंदा वानखडेनं पर्समधून चष्मा काढला, फिल्टर उचलला, चारही कडा उजेडाकडे धरून पाहिल्या आणि तो परत ठेवला.

"हा माया गाडीचा नाई."

"मॅडम, आत्ताच काढलाय तुमच्या गाडीतून."

"माया फिल्टरवर तारीख लिहून हाये. निळ्या पेननं, डाव्या कडेवर. अठरा नोव्हेंबर. मीच लिवली, मीच बसवला. दोन महिने बी नाई झाले."

मागच्या बाकावर बसलेला एक गृहस्थ मोबाइलमधून वर बघू लागला. विपुल आत गेला. दहा मिनिटांनी आला तेव्हा त्याच्या हातात दुसरा फिल्टर होता, जरासा धुळकटलेला. डाव्या कडेवर निळी तारीख होती.

"मिक्स झाला असेल मॅडम. गर्दी आहे ना आज." तो हसला. "पण हे तुम्ही घरी कशाला करता? लेडीजचं काम नाही हे."

"चार क्लिपा सोडायच्या, जुना काढायचा, नवा ठेवायचा, चार क्लिपा लावायच्या. तुमच्याच कंपनीच्या पुस्तकात चित्र हाये. तुमी वाचलं का ते पुस्तक?"

विपुलनं हातातली यादी उलटी करून काउंटरवर ठेवली.

"चावी द्या," चंदा म्हणाली. "अन् तो फिल्टर मी माया हातानं बसवतो. तुमी फक्त बाजूले व्हा."

तिनं तिथंच, चार मेकॅनिकांच्या देखत, बॉनेट उघडून फिल्टर बसवला आणि सर्व्हिस न करताच गाडी बाहेर काढली.

चंदा पन्नास वर्षांची होती. धामणगाव रेल्वेच्या पलीकडच्या एका उपकेंद्रावर ती नर्स. राहायला अमरावतीत, राजापेठेत, दोन ट्यूशन क्लासेसच्या मधल्या गल्लीत. अठरा वर्षं तिनं लसीचा डबा मांडीवर घेऊन एस.टी.तून, काळीपिवळीतून, कधी कापसाच्या मेटाडोरमधून प्रवास केला. सहा वर्षांपूर्वी जुनी पांढरी गाडी घेतली आणि चाळिशी उलटल्यावर चालवायला शिकली. फिल्टरवरची तारीख हीसुद्धा नोकरीचीच सवय. लसीची कुपी उघडली की तिच्यावर तारीख आणि वेळ घालायची, हे तिच्या हातालाच ठाऊक झालेलं होतं.

त्या दिवशी घरी येऊन तिनं गाडीचं पुस्तक काढलं. शेवटच्या पानांवर मोठा तक्ता होता: किती किलोमीटरला काय बघायचं, काय बदलायचं. तक्त्याची तिला भीती नव्हती. लसीकरणाचं वेळापत्रक याहून किचकट असतं. तिनं एक मोठा कागद घेतला, पट्टीनं तीन रकाने आखले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत बसली.

तिचा नवरा अमोल शेजारी चहा पीत होता. तो खासगी ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त घरातली कुठलीही गोष्ट त्याला थोडी गमतीची वाटायची, आणि चंदाच्या गोष्टी जरा जास्तच.

"हे काय करून राहिली?"

"कोनतं काम आपन करायचं अन् कोनतं दुसऱ्याले द्यायचं, ते ठरवून राहिली."

पहिल्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: हवा, इंजिन ऑइलची पातळी, एअर फिल्टर, वायपर, काचेचं पाणी, बॅटरीची टोकं. तिसऱ्यात क्लच, बेल्ट, सस्पेन्शन, इंजिन ऑइल बदलणं.

"इंजिन ऑइल बदलनं तिसऱ्यात काहून?" अमोलनं विचारलं. "सोपं असते म्हन्तात ते."

"सोपं हाये. पन जॅकवर टांगलेल्या गाडीखाली झोपा लागते. जॅक सरकला तं?" तिनं पेन खाली ठेवलं. "सोपं का अवघड ते नाई बघायचं. चुकलं तं काय होईन ते बघायचं. वायपर चुकला तं काच ओली राहीन. फिल्टर चुकला तं गाडी रुसन. ब्रेक चुकला तं मंग इचारायले कोनी उरत नाई."

"अन् हा मधला?"

मधल्या रकान्यावर तिनं लिहिलं होतं, 'आपण बघायचं, दुसऱ्यानं करायचं.' त्याखाली पहिलाच शब्द होता, ब्रेक. रोज पॅडल दाबून बघायचं, दर रविवारी तेलाची पातळी, चाकांची आतली बाजू. हात मात्र लावायचा नाही.

अमोल मोठ्यानं हसला. "बघायचं अन् करायचं नाई! हे कायचं काम व?"

"माया नोकरीच तशी हाये," चंदा म्हणाली. "अर्धा पगार त्याचाच भेटते."

तो कागद तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. अमोल येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून तो दाखवायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी अकोल्याला जुईलीचा साखरपुडा होता. जुईली म्हणजे चंदाच्या मोठ्या दिराची मुलगी. पंचवीस वर्षांपूर्वी चंदा नवी सून म्हणून या घरात आली, तेव्हा थोरल्या जावेला भरदुपारी कळा लागल्या आणि दवाखान्यात न्यायला वेळच राहिला नाही. चंदानं शिकाऊ दिवसांत बाळंतपणं पाहिली होती. एकटीनं केलेलं ते पहिलं. जुईली तिच्या हातात आली ती निळसर, न रडणारी. चंदानं तिची पाठ चोळली, नाक-तोंड पुसलं, आणि पोरगी रडली. नाव चंदानंच ठेवलं. पुढे चंदाला स्वतःला मूल झालं नाही. त्याबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे आणि जुईली दर सुट्टीत राजापेठेत राहायला येत असे.

"काकू, साडी तूच नेसवायची," जुईलीनं महिनाभर आधीपासून बजावलं होतं. "आईच्या निऱ्या धड बसत नाहीत. दहा वाजेपर्यंत ये म्हणजे ये."

सात वाजता निघायचं होतं. सहा वाजता चंदानं, लांबच्या प्रवासाआधी नेहमी करायची तसं, बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलच्या डबीवर दोन रेघा असतात. मागच्या रविवारी तेल वरच्या रेघेला होतं. आज ते खालच्या रेघेच्याही खाली होतं. ती खाली वाकली आणि मोबाइलच्या उजेडात एकेक चाक आतून पाहू लागली. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर, काळपट ओला ओघळ होता. तिनं बोट लावलं. पाणी नव्हतं. मग ती आत बसली आणि पॅडल दाबलं. ते रोजच्यापेक्षा दोन बोटं खोल गेलं.

ती घरात आली तेव्हा अमोल नवा कुर्ता घालून तयार होता. सासू, इंदूबाई, हिरवं लुगडं नेसून दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी.

"गाडी नाई नेता येत," चंदा म्हणाली. "ब्रेक ऑइल गळून राहिलं."

"आज?" अमोल म्हणाला. "काल तं तू ड्यूटीवर नेली होती!"

"काल नेली होती. आज दिसलं."

"मंग ऑइल टाक अन् चाल! बाटली हाये घरात. तुयाच कागदावर तेलाची पातळी लिहून हाये न?"

बाटली होती. तेल ओतायला एक मिनिट लागलं असतं. डबी वरच्या रेघेपर्यंत भरली असती, पॅडलही कदाचित वर आलं असतं, आणि शंभर किलोमीटरचा रस्ता सरळ होता.

सतरा वर्षांपूर्वी उपकेंद्रात सत्यभामा नावाची बाई आली होती. आठवा महिना. डोकं दुखतं म्हणाली. पाय सुजले होते आणि रक्तदाब एकशे साठच्या वर. चंदानं मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, डोकेदुखीची गोळी दे, उद्या पाठव. सत्यभामाची सासूही म्हणाली, गोळी द्या न बाई, घरी कामं पडली. चंदाला पाठवायचं होतं. तालुक्याला फोन करून गाडी बोलवायची होती. पण मोठे डॉक्टर बोलले होते. तिनं गोळी दिली. सत्यभामाचं डोकं तासाभरात दुखायचं थांबलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला झटके आले. ती अमरावतीच्या दवाखान्यात वाचली. मूल वाचलं नाही. चंदाला कोणी एका शब्दानं बोललं नाही. चूक तिची नव्हती असंच सगळे म्हणाले. तिला ते ऐकवत नसे.

"ऑइल टाकलं म्हंजे गळती थांबत नाई," ती अमोलला म्हणाली. "फक्त दिसत नाई."

"बाप्पा, हायवे हाये सरळ! दे चावी, मी नेतो. चाळीसच्या वर नाई काढत."

"थांबायचं असन तं चाळीसवरूनबी थांबाच लागते."

"चंदा, चावी दे."

चंदानं चावी ब्लाऊजमध्ये टाकली.

इंदूबाई उठून उभ्या राहिल्या. "व माय! शुभकामाच्या दिवशी काय हे? पोट्टीचा साखरपुडा हाये अन् हे चाकात तोंड घालून बसली! तू काय मिस्त्री हायेस काय?"

"मिस्त्री नाई, म्हनूनच नेत नाई," चंदा म्हणाली. "तुमी मले किती बी बोला. या गाडीत तुमाले बसू देत नाई मी. त्यायलेबी चालवू देत नाई."

तिचा आवाज चढला नव्हता. अमोलनं बायकोकडे पाहिलं, मग फोन काढला. त्याचा एक चुलतभाऊ कॅम्प भागातून त्याच कार्यक्रमाला निघत होता. त्याच्या गाडीत दोनच जागा होत्या.

"आई अन् मी जातो," अमोल म्हणाला. "तू राह्य तुया गाडीपाशी."

"जा. मी दुरुस्त करून येतो. अकराले पोचतो."

ती खरंच तसं धरून चालली होती. मोतीरामचं गॅरेज तीन गल्ल्या पलीकडे, आणि तो गॅरेजच्या मागेच राहायचा. ती पहिल्या गिअरमध्ये, रिकाम्या रस्त्यावरून, हँडब्रेक हातात धरून गाडी घेऊन गेली.

मोतीराम साठीचा होता. रविवारी तो काम करत नसे, पण चंदानं त्याच्या दोन्ही नातवंडांना लसी टोचल्या होत्या. त्यानं बनियनवरच चाक काढलं, ब्रेकचा ड्रम ठोकून सैल केला आणि ओढला. आतून तेल ठिबकलं.

"हे पाहा, ताई. व्हील सिलिंडर. आतलं रबर फाटलं. चाक धरून ठेवनारे लायनर पुरे भिजले." त्यानं बोटावरचं तेल फडक्याला पुसलं. "कोठी चालले होते?"

"अकोल्याले. तीन माणसं."

मोतीरामनं मान हलवली.

"गेली असती का नसती?" चंदानं विचारलं. "खरं सांगा."

"काय सांगू? पोचलीबी असती. ब्रेकचं असं हाये ताई, शेवटच्या वक्तापर्यंत लागते तो."

एक सिलिंडर आणि लायनर त्याच्याकडे होते. पाऊण तासात बसवून होतील म्हणाला. चंदानं घड्याळ पाहिलं. आठ वाजले होते. दहा नाही, पण साडेअकरापर्यंत ती नक्की पोचली असती. मुहूर्त साडेबाराचा होता. जुईलीला साडी नेसवून, नाकात नथसुद्धा घालून देता आली असती. तिनं साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, "उजवं बी उघडा."

"उजवं कोरडं हाये न."

"एकाच वयाचे हायेत दोघं. उघडा."

उजव्या चाकाच्या ड्रममध्ये तेल ठिबकत नव्हतं. पण सिलिंडरच्या टोपणाची कड मोतीरामनं नखानं उचलली, तर आत ओल होती. फार नाही. घामासारखी.

"हे चालते ताई महिना-दोन महिने. आज डावं करून देतो, तुमी निघा. उजवं पुढच्या रविवारी करू. दुसरा सिलिंडर मायापाशी नाई. दुकानं बंद. बडनेऱ्याच्या पार्टवाल्याच्या घरी जा लागते. तो सापडला तं सापडला."

तेवढ्यात फोन वाजला. जुईली.

"काकू, निघालीस का? आजी-काका निघाले म्हणे, अन् तू नाहीस त्यांच्यात?"

"निघतोच व. गाडीचं थोडं काम हाये."

"दहा वाजता पार्लरवाली जाणार. मग साडी. काकू, तू ये बरं."

"येतो," चंदा म्हणाली आणि फोन ठेवला.

मोतीराम पान्हा हातात धरून थांबला होता. चंदा उजव्या चाकापाशी उकिडवी बसली होती. आज दिवसभर तिला ज्या सगळ्यांशी भांडावं लागणार होतं, त्यांतलं हे भांडण सगळ्यात अवघड होतं, कारण समोर कोणीच नव्हतं. ओल घामाएवढीच होती. तिच्याशिवाय कोणाला ती कळलीही नसती. आणि पलीकडे जुईली साडीची घडी मोडून बसणार होती.

"भाऊ, बडनेऱ्याले जा," ती म्हणाली. "दोन्ही करा."

पार्टवाला घरी नव्हता, देवळात होता. तो येईपर्यंत साडेदहा झाले. नवा सिलिंडर बसवून, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून, तेल भरून होईपर्यंत बारा वाजून गेले. हवा काढताना पॅडल दाबायचं काम चंदानंच केलं. मोतीराम म्हणेल तेव्हा दाबायचं, म्हणेल तेव्हा धरून ठेवायचं. साडीच्या काठाला ग्रीस लागलं. साडेबाराला, मुहूर्ताच्या वेळी, ती राजापेठच्या पुलाखालून गाडी काढत होती. रिकाम्या रस्त्यावर तिनं पाच वेळा जोरात ब्रेक दाबून पाहिला आणि मगच हायवेला लागली. वाटेत तिनं फोन लावला नाही. मूर्तिजापूरला चहालाही थांबली नाही.

अकोल्याच्या कार्यालयात ती पोचली तेव्हा अडीच वाजले होते. मुलाकडची मंडळी निघून गेली होती. माणसं खुर्च्या एकावर एक रचत होती. जेवणाच्या शेवटच्या पंगतीत घरचेच लोक होते, आणि अमोल पाण्याचा ग्लास हातात घेऊन चुलतभावांना काहीतरी सांगत होता.

"आली पाहा आमची गाडीची डाक्टरीन! ऑपरेशन सक्सेस काय?"

सगळे हसले. चंदा थांबली.

"सक्सेस," ती म्हणाली. "तुमाले भरती व्हायचं असन तं सांगा. खाट रिकामी हाये."

हसू दुसऱ्या बाजूला फिरलं. एका चुलतभावानं विचारलं, झालं तरी काय होतं? तिनं सांगायला सुरुवात केली, सिलिंडर, रबर. पण तोवर तो मठ्ठा मागत होता. तिनं वाक्य अर्धंच सोडलं. थोरली जाऊ वाढत होती. ती चंदाकडे न बघता म्हणाली, "कपडे बदलून राहिली जुईली. वर हाये."

जुईली वरच्या खोलीत आरशासमोर केसांतल्या पिना काढत होती. साडी पलंगावर पडली होती. चंदानं ती उचलली आणि घडी घालू लागली.

"कोनं नेसवली?"

"आईनं. निऱ्या सुटत होत्या. फोटोत एक हात पोटावरच आहे माझा." जुईली हसली. ती रागावलेली नव्हती, आणि चंदाला तेच जड गेलं. पोरगी आरशातूनच बघत होती. "काकू, एक सांग. आणलीच असती गाडी, तर खरंच काही झालं असतं का?"

"मले म्हाईत नाई."

"मग?"

"मले ओल दिसली व. दिसल्यावर नाई दिसली असं मी करत नाई. एकदा केलं होतं." चंदानं घडी पुरी केली. "तुले वाईट वाटलं न?"

"हो," जुईली म्हणाली.

"वाटू दे. मलेबी वाटून राहिलं."

जुईली उठली आणि तिनं काकूच्या पदराच्या काठाला लागलेलं ग्रीस बोटानं घासून पाहिलं. ते निघालं नाही. "जेवलीस का?" तिनं विचारलं, आणि ताट वरच घेऊन आली. दोघी पलंगावर बसल्या. चंदा जेवली. जुईली तिला मुलाकडच्यांच्या गमती सांगत राहिली, सकाळी काय काय झालं ते सगळं, क्रमानं, काही न गाळता.

चार वाजता निघायची वेळ झाली. चुलतभाऊ शेगावला जाऊन मग परतणार होता. अमोल म्हणाला, तोही दर्शन घेऊन येईल. तो चंदाच्या गाडीकडे फिरकला नाही. इंदूबाई कार्यालयाच्या पायरीवर उभ्या होत्या. अमोलनं चुलतभावाच्या गाडीचं दार उघडून धरलं.

"चाल आई. शेगाव होईन."

"नाई व बाप्पा," इंदूबाई म्हणाल्या. "त्या गाडीत पाय आखडतात माये. सकाळून आखडले, अजून मोकळे नाई झाले. मी हिच्यासंग जातो."

त्या पायऱ्या उतरून आल्या. चंदानं दार उघडायच्या आत त्यांनी ते स्वतःच उघडलं, पुढच्या सीटवर बसल्या, पाय लांब केले आणि पिशवी मांडीवर घेतली. तिनं वाकून सासूचा पट्टा लावून दिला.

बोरगाव मंजूच्या आधीच म्हातारी झोपली. मान काचेला टेकलेली, तोंड थोडं उघडं. ऊन मागून येत होतं आणि काळ्या रानात हरभऱ्याची कापणी चालली होती. गाव मागे पडलं आणि पुढच्या वळणानंतर दुभाजकाच्या फटीतून अचानक मेंढरांचा कळप रस्त्यावर आला. पन्नास-साठ असतील, आणि मागे धावत येणारा धनगर. चंदानं पाय दाबला. पॅडल अर्ध्यावरच घट्ट लागलं, गाडी सरळ रेषेत वेग सोडत गेली आणि पहिल्या मेंढीच्या चार हात अलीकडे उभी राहिली.

धनगरानं हात वर केला. चंदानंही केला. मेंढरं एकमेकांना ढकलत, धूळ उडवत बॉनेटसमोरून जात राहिली. तिनं शेजारी पाहिलं. इंदूबाईंची झोप मोडली नव्हती.